भजीच्या हॉटेलाचं सुतक

"घ्या तात्या," म्हणून मी चहाचा कप पुढं सरकवला, तर हा गृहस्थ बाकड्यावरून उठून दोन हात लांब जाऊन उभा राहिला.

"नगं मास्तर. सुतक हाय. गोड चालत न्हाय."

बारामतीच्या हायस्कुलात मी तेव्हा नुकताच रुजू झालो होतो. कप मागं घेतला, चेहरा जमेल तेवढा पाडला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"भजीचं हॉटेल," तात्या म्हणाले. "गूळबाजाराच्या कोपऱ्यावरचं. लई दिस झालं, आजारीच हुतं."

मला वाटलं, फिरकी घेतोय. नवा मास्तर दिसला की त्याची फिरकी घेणं हा कुठल्याही गावाचा हक्कच असतो. पण डोळ्यांत थट्टेचा मागमूस नव्हता. दाढी वाढलेली, डोकं उघडं. मागं हॉटेलवाला दत्तोबा कढईत झारा घालून उभा होता, तोही हसला नाही. म्हणजे हे खरंच होतं. आता बोला!

केरूतात्या मूळचे लासुर्ण्याचे, गूळबाजारात मापाडी. ढेपा काट्यावर चढवायच्या, वजन ओरडून सांगायचं, एवढंच काम. त्यामुळं आवाज असा, की कानात "सांगतो" म्हणाले तरी पलीकडच्या आळीत कळायचं. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. बाजारामागं एक खोली होती, ती फक्त पाठ टेकण्यापुरती. बाकी माणूस राहायचा तो हॉटेलांतच.

आणि हॉटेलं तर पटापट बंद पडत होती. माळेगावला साखर कारखाना उभा राहिला, ऊस तिकडं वळला, गुऱ्हाळं थंडावली. गुळाच्या गाड्या यायच्या कमी झाल्यावर भजी खाणार कोण? आमचे विद्यार्थी? ते एक चहा तिघांत प्यायचे, वर पाणी फुकट मागायचे. एकेक हॉटेल फळ्या लावून गप्प व्हायचं. लोक म्हणायचे, "चालायचंच." तात्या मात्र दाढी वाढवायचे.

सुतकाचं शास्त्र त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. जिथं पोटभर जेवलो ते हॉटेल सख्खं, त्याचं पूर्ण दहा दिवस. जिथं नुसता चहा-चिवडा झाला ते चुलत, तीन दिवसांत फिटतं. भेळेची गाडी म्हणजे लांबचं सोयरं, डोक्यावरून पाणी घेतलं की मोकळे.

"आणि दारूचं दुकान?" मी एकदा मुद्दाम विचारलं. दारूबंदीत स्टेशनाकडचं एक दुकान नाहीसं झालं होतं, आणि त्याची आठवण काढणारे गावात पुष्कळ होते.

"मी पीत न्हाय," तात्या म्हणाले. "पर मालक भला माणूस. येक आंगूळ केली."

या शास्त्रापायी त्यांनी घरच्यांशी वैर घेतलं. नरसिंहपूरला बहिणीच्या नातवाचं जावळ होतं. तात्या इंदापूरमार्गे धक्के खात तिथवर गेले आणि देवळाच्या पायरीपाशी थांबले. सगळे पाहुणे आत, मानाचा पाहुणा बाहेर!

"आत का येत न्हाईस?" बहिणीनं विचारलं.

"सुतक हाय."

झालं! बहिणीनं हंबरडाच फोडला. लासुर्ण्याकडचं कोण गेलं, आपल्याला कसं कळलं नाही, म्हणून बायका धावल्या, न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. तात्यांनी मग खुलासा केला, "मिसळीचं हॉटेल गेलं, आक्के." पुढं काय झालं ते त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. बहिणीनं हातातला नारळ फोडायला वापरला की फेकायला, एवढंच विचारायचं राहून गेलं.

मीही पहिले काही महिने हसलो. अगदी पोट धरून हसलो. मग मिसळवाल्याकडंच एकदा विषय निघाला. दुकान बंद केल्यावर तो बाजारात कांदे विकायला बसायचा. मी त्याच्यासमोर तात्यांची नक्कल केली, तर त्यानं कांदे तागडीत टाकता टाकता हात थांबवला.

"हसू नका मास्तर. मी हॉटेल मोडलं तवा मानसं लई आली. येकाला कढई पायजे, येकाला बाकडी. समदी भाव करायला. बसायला आलं ते तात्या येकटं. दारात टेकलं. मग म्हणलं, 'तुजी तर्री भारी हुती गड्या.' तवा कुठं मला रडू आलं."

त्या दिवसापासून मी नक्कल बंद केली. माणूस गेलं की दारात जाऊन बसायचं असतं हे आपल्याला ठाऊक असतं. पण वीस वर्षं तापलेली भट्टी विझली, तरी आत एक माणूस गुडघ्यात मान घालून बसलेला असतो, हे या एका मापाड्याला सुचलं होतं. मला, बी.ए. झालेल्याला, सात जन्मांत सुचलं नसतं.

आणि मग दत्तोबाची पाळी आली.

दत्तोबाचं हॉटेल म्हणजे तात्यांचं सख्ख्याहून सख्खं. दत्तोबाही विधुर. भाकरी स्वतः थापायचा, आमटी स्वतः करायचा. बायको गेल्यापासून तात्या दोन्ही वेळा त्याच्याकडंच जेवत होते. पण त्याचे गुडघे गेले, गिऱ्हाईक तर आधीच गेलं होतं. मुलाला माळेगावच्या कारखान्यात नोकरी लागली, चाळीत खोली मिळाली. मुलगा म्हणाला, बाबा, चला आता.

तात्यांनी हॉटेल वाचवायला जंग जंग पछाडलं. रस्त्यावरच्या गाडीवानांना बैलांसकट ओढून आणलं. आमच्या हेडमास्तरांना मधल्या सुट्टीत फाटकातून हाक मारली, "सायेब, भूक न्हाय का?" ती सगळ्या शाळेनं ऐकली. स्वतः सकाळी भजी, दुपारी भजी, जेवणावर भजी, असं आठवडाभर चालवलं आणि पोट धरून दवाखान्यात गेले.

"तात्या, तुमी येकटं किती खाल?" दत्तोबा कळवळून म्हणाला.

दत्तोबा गेला की तात्या जेवणार कुठं, ही मला खरी काळजी. बाजारात उरलेल्या दोन टपऱ्यांवर फक्त चहा मिळायचा. स्वयंपाक त्यांना येत नव्हता. आणि कुणाच्या घरी ते जेवत नसत. मी एकदा आग्रह करून त्यांना घरी आणलं होतं. पाटावर बसले, ताट आलं, आमची ही आत गरम पोळी करत होती. एकाएकी उठले, चपला घालून चालते झाले. ही बिचारी रात्रभर विचारत होती, "माझं काय चुकलं हो?" मी चिडून जाब विचारला, तर तात्या फक्त म्हणाले, "वैनींचं कायबी न्हाय."

हॉटेलच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दत्तोबाकडं गेलो. भट्टी विझलेली. पोतं बांधून ठेवलेलं. तात्या दारात टेकले.

"सुतक धराल तर याद राखा," दत्तोबा म्हणाला. "मी जित्ता हाय."

त्यानं पोत्याची गाठ आणखी आवळली.

"माळेगाव काय लंकेत न्हाय. जेवायला येत जावा. सून हाय, ग्वाड करती."

"न्हाय जमायचं दत्तोबा."

"का?"

तात्यांचा तो दणदणीत आवाज. पण आता ऐकायला मला पुढं वाकावं लागलं.

"घरात जेवाय बसलं की आत बांगड्या वाजत्यात," ते म्हणाले. "भाकरी थापताना. ती थापायची तवा वाजायच्या. घासच उतरत न्हाय रं. तुज्या हितं कसं, समदं गपगार."

मला आमच्या घरातला तो पाट आठवला, हिच्या हातातला हिरवा चुडा आठवला, आणि मी त्यांच्यावर किती तणतणलो होतो तेही. इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही.

दत्तोबा पोत्याला टेकून उभा होता. त्यानं एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडं पाहिलं.

"मग सुनंला सांगतो, तू जरा भाईर बस," तो म्हणाला. "भाकरी मी थापीन."

तात्यांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. उगाच खाकरले.

"सकाळच्याला येऊ, का सांजच्याला?"

"दोन्ही येळंला या," दत्तोबा म्हणाला.