लवू रांबाड्यांची पूर्ण हजेरी

सोमवारी सकाळी साडेसातला लवू रांबाडे पाच वर्षांनी ऑफिसचे बूट घालत होता आणि बूट काही पायात जात नव्हते.

"पाय वाढले की काय हो तुमचे?" सुगंधाने विचारले.

"बूट आटलेत," लवू म्हणाला आणि टाच आपटली.

त्याचा विनोद एवढाच, कारण शुक्रवारच्या मेलने त्याची झोप उडवली होती. सोमवारपासून सगळ्यांनी घरून काम बंद करून मालाडच्या ऑफिसात यायचे. दाराशी कार्ड लावून आत गेले की आठ तास आतच राहायचे. ज्यांचे तास भरणार नाहीत, त्यांच्या पदाचा फेरविचार होईल. विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेल्या महिन्यात तिघांचा फेरविचार झाला होता आणि त्यांच्या खुर्च्यांवर आता प्रिंटरच्या कागदाचे खोके होते. घराचा हप्ता आणि लेकीची, आरोहीची बारावी डोक्यावर असताना लवूला आपल्या खुर्चीवर खोके नको होते.

त्याने लॅपटॉप उचलला, सेफ्टी डोअर आणि आतले दार यांच्यामधल्या खुंटीवरची काळी बॅग काढली, लॅपटॉप आत सारला आणि निघाला. बॅग जड लागली. पाच वर्षांत अंगातली ताकदच गेली, असे त्याला वाटले.

ताकद जागेवर होती. भाईंदरच्या इंद्रलोक सोसायटीतल्या त्याच्या विंगमध्ये दिवसभर हमखास घरी सापडणारा एकच माणूस होता, तो म्हणजे लवू. त्यामुळे बाहेर जाताना घराची चावी लवूकडे द्यायची पद्धत पडली. पुढे दर वेळी बेल वाजवायचाही कंटाळा आला. सेफ्टी डोअरच्या गजांतून हात घालायचा, खुंटीवरच्या रिकाम्या लॅपटॉप बॅगेच्या पुढच्या कप्प्यात चावी टाकायची; परतल्यावर तसाच हात घालून काढायची. त्या सोमवारीही लवू आंघोळीला गेलेला असताना नऊ घरांनी नेमाने चाव्या टाकल्या होत्या. लवू मात्र फेरविचाराच्या नादात, आजपासून आपण घरी नाही, हे कुणालाच सांगायला विसरला होता.

साडेअकराला फोन वाजला. घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जाईबाई होत्या.

"अवो भाऊ, तुमची ती काळी पिशवी कुठं गेली? मघाधरनं हात घालून चाचपायलेय. नुसती भिंत लागायलीय."

लवूने टेबलाखालच्या बॅगेला हळूच पाय लावला. बॅग खुळखुळली.

"जाईबाई, बॅग माझ्याकडे आहे. मी मालाडला आहे."

"अगं बाई! आन् समोरची पंचशीला रातपाळी करून आलीय, ती जिन्यातच झोपलीय की!"

बारा वाजेपर्यंत जिन्यात सात माणसे जमली. लवूला दाराबाहेर पाय टाकता येत नव्हता. कार्ड लावून बाहेर पडला की तास तुटले. शेवटी जाईबाईंचे यजमान नागोराव पुढे झाले. नागोराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि कुठलाही जमाव दिसला की त्याला गाडीत बसवल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"मी आणतो चाव्या," ते म्हणाले. पण चावी कोणाची कोणती, यावर सगळे एकदम बोलू लागले. एकाची पितळी, दुसऱ्याची लाल दोऱ्याची, तिसऱ्याची नुसतीच चावी. "गप बसा! ज्याची त्यानं ओळखायची. चला समदे!"

शेजाऱ्याच्या इको व्हॅनमध्ये सातही जण बसले.

"आधार कार्ड घेऊन या," लवूने फोनवर बजावले. "त्याशिवाय सिक्युरिटी वर सोडत नाही."

दीड वाजता सातही जण क्लेम विभागाच्या रिसेप्शनमध्ये ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड आणि चेहऱ्यावर परक्या एसीतला शहाणपणा. काचेच्या दाराआड लवू उभा होता. तो दाराच्या फटीतून चाव्या देणार, तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला.

"सामान बाहर जायेगा तो गेटपास लगेगा, सर."

गेटपास एचआरच्या अनुष्काकडे. तिने चाव्यांचा ढीग पाहिला आणि पेन खाली ठेवले.

"मिस्टर रांबाडे, तुमच्याकडे नऊ घरांच्या चाव्या कशा?"

"शेजारी देतात, मॅडम."

"का?"

या प्रश्नाचे उत्तर पाच वर्षांत लवूने शोधले नव्हते. "मी घरी असतो ना," तो म्हणाला आणि जीभ चावली.

अनुष्काने गेटपास पुढे ओढला. "सामान परत येणारं की न येणारं?"

"संध्याकाळी येतं परत."

"म्हणजे संध्याकाळी चाव्या इथे जमा करणार?"

"नको! न येणारं लिहा."

पुढे भानगड नको म्हणून तिने प्रत्येकाला एकेक करून आत बोलावले, आधार कार्ड पाहिले, चावी ओळखायला लावली आणि सही घेतली. तिच्या केबिनची भिंत काचेची होती. लवूच्या शेजारी बसणाऱ्या आनंदीला आवाज ऐकू येत नव्हता, पण दिसत सगळे होते: माणसे कागदपत्रे घेऊन आत जाताहेत, सही करताहेत आणि हसत बाहेर येताहेत.

"जॉइनिंग चाललंय!" ती पुटपुटली. "सात जण! आपल्या जागेवर!"

"अगं, माझे शेजारी आहेत ते," लवू म्हणाला.

"सोमवारी? आधार कार्ड घेऊन? रांबाडे, तू एचआरशी आतून आहेस, हे मला आधीच कळायला हवं होतं. माझं नाव आहे का रे लिस्टमध्ये?"

दहा मिनिटांत मजलाभर बातमी झाली. लवू जितके नाही म्हणे, तितका तो आतल्या गोटातला ठरत गेला. एकाने त्याला चहा आणून दिला. दुसऱ्याने तर बिस्किटेही आणली.

विभागप्रमुख कौस्तुभ सरांच्याही कानावर गेले. मेल त्यांनीच पाठवला होता. पण नवी भरती आपल्याला न सांगता होतेय, म्हणजे फेरविचार आपलाच आहे, हे त्यांनी तत्काळ ताडले. ते रिसेप्शनमध्ये आले. ओळीत सगळ्यात रुबाबदार नागोराव दिसले.

"आपला अनुभव किती?" सरांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"बत्तीस वर्षं," नागोराव ताठ बसून म्हणाले.

"माणसं सांभाळलीत?"

"रोजची साठ-सत्तर. सणासुदीला शंभराच्या वर. पण एकाची तक्रार वर जाऊ दिली न्हाई."

सरांच्या हाताखाली चौदा माणसे होती आणि तक्रारी एकवीस. त्यांनी नागोरावांना वाकून नमस्कार केला आणि थेट तळमजल्यावर गाडीत जाऊन बसले. तिथून त्यांनी ओळखीच्या तीन कंपन्यांत फोन लावला.

सर खाली गेलेले पाहून आनंदीही कार्ड लावून बाहेर पडली. तिच्या मावसभावाची नोकरी लावणारी एजन्सी होती. तिच्यामागे एकेक करत सगळे गेले. कुणी गच्चीवर, कुणी समोरच्या कॅफेत, बायोडेटा ताजा करायला. शेजारी चाव्या घेऊन कधीच भाईंदरला पोचले होते. मजल्यावर लवू एकटाच उरला. सगळ्यांचे फोन वाजत होते. त्याने होते तेवढे उचलले. जाईल कुठे? त्याचे तास भरायचे होते.

मंगळवारी सकाळी कौस्तुभ सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावले. 

"रांबाडे, वरून रिपोर्ट आलाय," सर खाली मान घालून म्हणाले. "काल अख्ख्या मजल्यावर पूर्ण आठ तास हजर राहिलेला एकच माणूस आहे. तुम्ही. फोनही तुम्हीच घेतलेत, एकोणचाळीस."

"सर, ते शेजाऱ्यांचं…"

"तुमचं पद पक्कं. मोठे साहेब खूश आहेत. आणि एक काम आहे. येत्या गुरुवारी सगळ्या शाखांना तुम्ही समजावून सांगायचं, ऑफिसात येऊन बसण्याचे फायदे काय. तासभर ऑनलाइन बोलायचं."

लवूने लगेच मान हलवली. नोकरी वाचली होती, आता काहीही बोलायची त्याची तयारी होती.

"बोलतो, सर. कुठल्या मीटिंग रूममधून?"

"छे, छे! इथे किती गोंगाट असतो, एक शब्द ऐकू जायचा नाही," कौस्तुभ सर म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही घरूनच करा."