तीन नंबरची बरणी

ओट्यावर काचेच्या तीन सारख्या बरण्या मांडून तपासनीसांनी त्यांच्यावर एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि बायकोला म्हणाले, "आता मी बाहेर जातो. कुठल्या बरणीत काय भरलंस ते मला अजिबात सांगायचं नाही."

"माझ्याच घरात मी लपवालपवी करू?" बाई म्हणाल्या.

"लपवालपवी नव्हे गं, पद्धत आहे ती. जिभेला लेबल वाचता येतं. आत काय आहे हे कळलं की ती पक्षपात करते. यादी लिही, पाकिटात बंद कर आणि कपाटात ठेव."

औषधांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस तो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना तपासनीसच म्हणायची, आणि ते अजूनही मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय दंतमंजनसुद्धा तोंडात घालत नसत.

या खटाटोपाचं मूळ मात्र खात्यात नव्हतं, घरातच होतं. दीड महिन्यापूर्वी बाईंच्या रक्तात साखर जास्त निघाली. डॉक्टर झालेल्या भाचीने "मामी, साखर बंद" म्हटलं आणि बाईंनी साखरेबरोबर चहाच सोडला. बिनसाखरेचा चहा म्हणजे आजाऱ्याचा काढा, असं त्यांचं मत. तेव्हापासून दुपारी चार वाजता तपासनीस एकटे चहा पीत होते. एकेचाळीस वर्षं समोरच्या खुर्चीतून शेजाऱ्यांच्या बातम्या, गुडघ्यांच्या तक्रारी आणि स्वतःचीच उणीदुणी ऐकत चहा प्यायलेला हा माणूस. आता चहा गोड असूनही घशाखाली उतरेना. 'तुझ्याशिवाय करमत नाही' असं म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. म्हणून ते बाजारातून साखरेऐवजी वापरायच्या तीन भुकट्या घेऊन आले. एक कसल्याशा पानांची, एक कसल्याशा फळाची आणि एक साखरेसारखीच दिसणारी खडेदार. तिन्हींवर 'संपूर्ण नैसर्गिक' असं ठळक छापलेलं होतं.

"नैसर्गिक तर विंचूही असतो," तपासनीस म्हणाले. "आधी मी खाणार. मला काही झालं नाही, तर मग तू."

"आणि झालं तर?"

"तर तू वाचलीस."

 बाईंनी बरण्या भरल्या आणि यादीचं पाकीट कपाटात ठेवलं.

प्रत्येक बरणीला पाच दिवस ठरले. नोंदीला साक्षीदार हवा, म्हणून रोज चार वाजता बाईंनी समोर बसायचं असंही ठरलं. बाई बसत. तपासनीस घोट घेत, डोळे मिटत आणि मग वहीत डोकं खुपसून पानभर लिहीत. एक नंबरबद्दल त्यांनी लिहिलं, 'मागाहून किंचित कडवट. त्रास नाही. प्रेम बसणं कठीण.'

दोन नंबरच्या वेळी त्यांच्यातला जुना अधिकारी जागा झाला. निर्धोकपणा कमाल मात्रेवर तपासतात, असं म्हणून त्यांनी दिवसाला सहा कप आणि प्रत्येक कपात चार चमचे, असा सपाटा लावला. चौथ्या दिवशी वाचनालयाच्या जुन्या ग्रंथपालांची शोकसभा होती. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले आणि त्या शांततेत तपासनीसांच्या पोटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत भाषण केलं. शेजारी उभ्या असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी तर वर्गात कुणी दंगा करावा तसं वळून पाहिलं. उरलेला दिवस तपासनीसांनी खुर्चीत कमी आणि संडासात जास्त काढला.

"पुरे झालं हे," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "जीव द्यायचाय का एका चमच्यापायी?"

"एक बरणी राहिलीय. अर्धवट तपासणी म्हणजे खोटी तपासणी."

तीन नंबरने मात्र कमाल केली. कडवटपणा नाही, पोट थंड, चव हुबेहूब साखरेची. तिसऱ्या दिवशी बरणीला मुंग्या लागल्या, तेव्हा तपासनीस हरखूनच गेले. 'मुंग्यांचीही पसंती. जीवमात्रास निर्धोक,' असं त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं. समोर बाईंना जोराचा ठसका लागला, पण वाक्य अर्धवट राहील म्हणून तपासनीसांनी मान वर केली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ते फिरून आले ते छाती फुगवूनच. "मुख्याध्यापिकाबाईंना परवाच डबीभर दिली, वर 'निर्धोक' अशी चिठ्ठी डकवून. त्यांची साखर तर पेन्शनपेक्षा जुनी. खूश आहेत एकदम!"

बाईंच्या हातातली पळी खाली पडली. "कुणाला विचारून दिलीत? अहो, ते पाकीट उघडा आधी!"

यादीत तीन नंबरपुढे 'फळाची' खोडून लिहिलं होतं, 'साखर. तुमचे हाल बघवेनात. माफ करा.'

भाचीला फोन गेला आणि अर्ध्या तासात तिघेही मुख्याध्यापिकांच्या घरी हजर झाले. भाचीने त्यांचं बोट टोचून आकडा पाहिला आणि भुवया वर केल्या. "दवाखान्यात न्यायला नको, पण आजपासून ती डबी बंद. आणि संध्याकाळी परत तपासायचं."

"मला पहिल्या घोटालाच कळलं होतं साखर आहे म्हणून," मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?" तपासनीस ओरडले.

"एवढ्या मोठ्या तपासनीसांनी लेखी पास केलेली. ती नापास करणारी मी कोण? सहा वर्षांनी धड चहा मिळत होता हो."

भाचीने तिघांचीही एका दमात खरडपट्टी काढली. "मामा, जरा जरा घेतलं तर त्या भुकट्या बहुतेकांना चालतात. पण नैसर्गिक म्हणजे वाटेल तेवढं नव्हे. पाकिटाची मागची बाजू वाचायची, चालू असलेली औषधं डॉक्टरांना सांगायची. आणि खरं तर जिभेची गोडाची सवयच कमी करायची. तुम्ही मात्र चोवीस चमचे!"

तपासनीस खाली बसले. आता त्यांच्यात लपवायचंही बळ उरलं नव्हतं. "मला फक्त हिला चारच्या चहाला परत आणायचं होतं गं. एकट्याने चहा जात नाही मला."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, पंधरा दिवस मी पितेय की चहा. बिनसाखरेचा."

"कुठे?"

"तुमच्यासमोर! साक्षीदार म्हणून बसवलंत, नुसतं बसून किती वेळ काढणार? पहिले दोन दिवस काढाच वाटला. मग जमलं. तुम्ही वहीतून मान वर केलीत कधी?"

तपासनीसांनी वही चाळली. पंधरा दिवसांच्या पानांवर जीभ होती, पोट होतं, मुंग्या होत्या. बायको कुठेच नव्हती.

त्या दिवशी चार वाजता टेबलावर दोन कप आले, दोन्ही बिनसाखरेचे. वही नव्हती. तपासनीसांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा कसानुसा झाला.

"कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"भयंकर," तपासनीस त्यांच्याकडे बघत म्हणाले, आणि कप रिकामा करून त्यांनी आणखी अर्धा मागितला.