मांजरसुंब्याच्या फण्या आणि वलंदेजांची वेस

॥ श्रीमन्मथस्वामी प्रसन्न ॥

कपिलधारेच्या डोंगराजवळ, जेथे चारी दिशांच्या मोटारी ढाब्यांवर दाणापाण्यास थांबतात, त्या मौजे मांजरसुंबा येथे शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी जो थोर कजिया जाहला, त्याची हकीकत सज्जनांनी विचारिली. त्यास जैसे घडले तैसे लिहिले असे. किल्ले घेतल्याच्या बखरी उदंड आहेत. परंतु परमुलखीच्या लेकराच्या डोक्यांत उवा जाहल्या ही गोष्ट गुप्त राहावी, एवढ्यासाठी कोणी टोपीकरांशी तह केल्याचे ऐकिवात नाही. तो पराक्रम उमाबाई शेटे यांचा.

उमाबाईंचे चौफुल्यावर कटलरीचे दुकान. यजमान सिद्धेश्वरअप्पा लिंगैक्य जाहल्यापासून गल्ला बाईंनी राखिला, आणि बांगड्या, रिबिनी, टिकल्या यांच्या जोडीस शिसवी फणी ठेविली. ती फणी नांदूरघाटचे मुंजाजी सुतार हाताने घडवीत, आणि तिचे दात ऐसे दाट की ऊ तर राहोच, लीखही जीव घेऊन सुटत नसे. मग सून अपेक्षा संगणकाची विद्या शिकून घरात आली, तिने आंतरजालावर दुकान मांडिले, आणि जर्मनी, फ्रान्स, वलंदेज म्हणजे हल्लीचे नेदरलँड, या मुलखांत नांदणाऱ्या मराठी लेकीबाळी घरबसल्या फण्या मागवू लागल्या. कारण उवांस पारपत्र लागत नाही.

यात चिरंजीव योगीराज यांचा पराक्रम काय म्हणाल, तर त्यांनी लहान भेटपत्रांवर आपले नांव आणि नांवाखाली ‘सीईओ’ ऐसा किताब छापून घेतला, आणि ती पत्रे खिशांत घालून ढाब्यावर चहा पीत असत. इतर कामगिरी कोठे नमूद नाही. होती ती पुढे उघडकीस आली.

त्या दुकानाचा एकच कायदा होता. कोणत्याही बाईने येऊन हळू आवाजात फणी मागितली, तर उमाबाई ती कागदांत गुंडाळून देत आणि कोणासाठी हे विचारीत नसत. गावात कोणाच्या घरी उवा आहेत हे एकट्या उमाबाईंस ठाऊक, आणि ते त्यांच्या पोटांतून कधी ओठांवर आले नाही.

ऐसे असतां कार्तिकांत फ्रँकफुर्टाहून करिष्मा नामे गिऱ्हाइकीण, माहेर गेवराई, हिचा फोन आला. बाई रडत होती.

“मावशी, तुमच्याकडून गुपचूप फणी मागवली, आणि आठ दिवसांत उवा काढायच्या दवाखान्याचा फोन पुण्याला माझ्या सासूबाईंना गेला. तुमच्या घरी उवा आहेत ना म्हणून! पैसे भरले त्या खात्याला नंबर त्यांचा होता. इथल्या मराठी मंडळात पण समद्यांना कळलं. पोरीला नाचातून काढलं, शेजारी कुणी बसू देईना. काल तिनं स्वतःच कात्रीनं केस कापून घेतले.”

उमाबाईंच्या हातचा बांगड्यांचा डबा तसाच राहिला. जो कायदा त्यांनी तीस वर्षे पाळिला, तो कोणी मोडिला याचा शोध करणे प्राप्त जाहले. मग अपेक्षाने समजाविले की, आंतरजालावर गिऱ्हाईक पैसे देते ते एका वेशीतून येतात. त्या वेशीस गेटवे म्हणतात, आणि ती राखणारी कंपनी येणाऱ्याजाणाऱ्याची नांवनिशी लिहून ठेविते, आणि ती नांवनिशी, आत्या, ती पुढे वाटते.

योगीराज मसलतीस बसले होते. ते हसून बोलिले, “आई, डेटा समद्यांचाच जातो. त्यात लई काय नवं न्हाई.”

उमाबाई बोलिल्या, “समद्यांच्या घरी चोरी होती म्हून आपण दाराला कुलूप लावायचं न्हाई का रं?”

मग त्या कंपनीस, जिचे नांव लिहावे इतकी तिची लायकी नव्हे, हुजूर रुजू होण्याची ताकीद गेली. कंपनीचे वकील रविराज बीडाहून मोटार घेऊन आले. भर दुपारी गळ्यांत टाय, अंगास अत्तर, हातीं भेटीचे भिंतघड्याळ. त्यांनी आसनस्थ होऊन आपल्या कंपनीची सुरक्षा कैसी पोलादी, विश्वास कैसा अढळ, हे अर्धा तास सांगितले, आणि त्यांतील एकही वाक्य कोणास समजले नाही. वकिलांसही समजले असावे ऐसे दिसले नाही.

उमाबाईंनी एवढेच पुशिले, “माझ्या गिऱ्हाइकाची नांवं कुणाकुणाला दावता?”

“फक्त आमच्या विश्वासू सहयोगींना, मावशी.”

“किती हायत ते?”

“तसा आकडा नसतो, मावशी.”

“मग त्येंच्यावर इश्वास कावून ठेवला? मोजले न्हाईत अन् इश्वासू कसे?”

यावर वकिलांनी चहा मागितला. मग अपेक्षाने कंपनीचा करारनामा उघडून बाविसावे कलम वाचून दाखविले, ज्यांत बारीक अक्षरांत लिहिले होते की, कंपनी ही नांवनिशी जाहिरातीच्या कामीं कोणासही देऊ शकेल, आणि दुकानदाराने पहिल्या दिवशीच यास रुकार दिला आहे. रुकार कोणी दिला? सीईओंनी. न वाचितां. योगीराज छपराकडे पाहू लागले, आणि वकील बोलिले की एवढे कोणीच वाचीत नाही, आणि हे ऐशा थाटाने बोलिले की जणू न वाचणे हीच मोठी विद्या. मग त्यांनी एक वर्ष दलाली माफ करण्याची लालूच दाखविली. उमाबाईंनी हुकूम केला की वकिलांस घड्याळासुद्धा मोटारीपर्यंत पोहोचवावे. त्याप्रमाणे केले.

त्यानंतर अपेक्षाने नऊ दिवस एकामागून एक कंपन्यांचे करारनामे वाचिले. डोळे सुजले. कोणी नांवे विकीत होते, कोणी ‘सुधारणेसाठी वापरीत’ होते, आणि सुधारणा म्हणजे विक्रीच, फक्त टाय लावलेली. दहाव्या दिवशी आमस्टरडॅम मुक्कामीची वलंदेजांची एक वेस सांपडली. तिचा करारनामा आखूड. नांवनिशी युरोपातच राहील, जाहिरातवाल्यांस मिळणार नाही, कोणकोण हाताळील त्या चौघांची नांवे लिहिलेली, आणि गिऱ्हाइकाने पुसा म्हटले तर पुसावी, कारण त्या मुलखाचा कायदाच तैसा. उमाबाईंनी ते दोनदा वाचवून घेतले. दलाली जास्त आहे ऐसे योगीराज कण्हले. ते कण्हणे बारनिशींत, म्हणजे नोंदवहींत, घेतले नाही.

वलंदेजांनी मात्र कागदांचा तगादा लाविला, आणि शेवटी पडद्यावर मुलाखत नेमिली. पलीकडे एक गोरी कारकुनीण, केस आखूड, मुद्रा कोरी. तिने अपेक्षामार्फत पुशिले की, आमचे बाजूचा बंदोबस्त आपण पाहिला. आपले बाजूस गिऱ्हाइकांची नांवे कोण पाहतो?

उमाबाई ताठ बसून बोलिल्या, “सांग तिला. आमच्या दुकानातून तीस वर्सांत एक नांव भाईर गेलं न्हाई.”

कारकुनीणीने पडद्यावर दुकानाचेच जाहीर पान उघडून दाखविले. त्यावर पार्सलांची चित्रे. प्रत्येक चित्रांत गिऱ्हाइकाचे नांव, गल्ली, घरनंबर स्वच्छ वाचितां येत होते, आणि खाली सीईओंच्या हातची अक्षरे: ‘आज फ्रँकफुर्ट काबीज! मांजरसुंब्याची उवांची फणी जगात भारी!’ ऐसी चित्रे तीनशे सतरा.

बाहेर एक टेंपो भोंगा वाजवीत गेला. उमाबाईंचे तोंड राखेसारखे जाहले. दुसऱ्याची वेस फुटकी म्हणून त्यांनी वकिलास हाकलिले, आणि आपल्या घराची मागील भिंत पोटच्या पोराने पाडून वर तिचा देखावा मांडिला होता.

“जाहिरात होती आई ती,” योगीराज बोलिले. “लाईक लई आलते.”

“त्या पोरीच्या केसांवर आले ते लाईक,” उमाबाई बोलिल्या, आणि मुलाचा फोन मागून घेतला. मग तीनशे सतरा चित्रे योगीराजांनी आईच्या समोर बसून एकेक पुसिली, आणि पुसण्यापूर्वी प्रत्येक बाईचे नांव मनांत वाचून मुकाट मान झुकविली. सीईओ हा किताब जप्त जाहला, आणि उरलेल्या भेटपत्रांच्या मागील कोऱ्या बाजूस योगीराज दुकानाची यादी लिहू लागले.

याहून कठीण काम पुढे होते, ते उमाबाईंनी कोणावर सोंपविले नाही. त्यांनी स्वतः करिष्मेस फोन लाविला.

“बाई, निम्मं पाप त्या कंपनीचं. निम्मं आमच्या घरातलं हाय. तुझ्या मंडळातल्या बायांनी आमच्या पोरानं टाकलेला फोटो बघितला असंल.”

करिष्मा बोलिली, “फोटोवरूनच कळलं, मावशी. मला ठाऊक होतं. तुमी सांगता का न्हाई ते बघत होते.” आणि थोड्या वेळाने, “पोरीचे केस वाढायला वर्ष लागंल.” तिने क्षमा केली ऐसे म्हणवत नाही, तिने पुन्हा फणी मागविली नाही. उमाबाईंनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केले.

मग तहनामा जाहला. कलम पहिले, नांवनिशी वेशीबाहेर जाऊ नये. कलम दुसरे, पार्सलाचे चित्र काढील त्याचा फोन जप्त. कलम तिसरे, गिऱ्हाइकाचे नांव पार्सल बांधणाऱ्याने पाहावे, इतर कोणीही पाहू नये. उमाबाईंनी सही केली, वलंदेजांनी पडताळणी केली, आणि मार्गशीर्ष वद्य पंचमीस सकाळीं नवी वेस उघडिली.

दुपारी पहिली मागणी आली. अपेक्षा फणी कागदांत गुंडाळू लागली. उमाबाई गल्ल्यावरून उठून आल्या आणि पुशिले, “कुणाची गं?”

अपेक्षाने पत्त्यावर तळहात ठेविला. “न्हाई सांगता येत, आत्या. तिसरं कलम. पार्सल मी बांधते.”

“अगं, दुकान माझं हाय!”

“हाय की. पण बांधते मी.”

उमाबाईंस राग आला. तो एक घटका राहिला. मग त्या गल्ल्याकडे वळल्या, आणि वळतांना अपेक्षास बोलिल्या, “दोरा नीट आवळ.” येणेप्रमाणे मांजरसुंब्याची मोहीम फत्ते जाहली, वलंदेजांची वेस कायम जाहली, शत्रु शिकस्त खाऊन बीडाकडे गेला. ती पहिली फणी कोणत्या शहरीं, कोणाच्या डोक्यासाठी रवाना जाहली, याचा शोध बखरकाराने पुष्कळ केला. लागला नाही.