पंधरावं दार

"जगात स्टीलवाचून अडतं ते फक्त ज्यांचं डोकं चालत नाही त्यांचं!"

तोडगेराव हे वाक्य पत्र्यांच्या दुकानदाराला त्याच्याच दुकानात, त्याचाच चहा पिता पिता म्हणाले. दुकानदार बिचारा डेक शीटचा भाव सांगत होता. डेक शीट म्हणजे पन्हाळीचे जाड स्टीलचे पत्रे. एकदा पसरायचे, वर काँक्रीट ओतायचं, की स्लॅब तयार. पत्रा खाली कायमचा राहतो. भाव ऐकून तोडगेरावांनी कप खाली ठेवला आणि उठले. चहा मात्र संपवला होता.

तोडगेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपट्टीच्या ऑफिसात प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे तोडगा असे, म्हणून ते नाव पडलं. साहेबांच्या खुर्चीचा पाय मोडला तेव्हा त्यांनी तिथे जुन्या फायलींचा गठ्ठा लावला. खुर्ची पक्की झाली! फक्त त्यातली एखादी फाईल हवी झाली की साहेबांना उठून उभं राहावं लागे.

घरच्या हॉलवरचे जुने पत्रे काढून तिथे स्लॅब टाकायचा होता आणि स्लॅबवर एक खोली बांधायची होती. खोली बायकोच्या शिवणक्लाससाठी. गेली सहा वर्षं तिचा क्लास झोपायच्या खोलीत भरत होता. चार मशिनं, नऊ मुली आणि पलंगभर चिंध्या. तोडगेरावांना उशीत सुया सापडत, जेवताना तोंडात दोरे येत. पण हाल खरे तिचे होते. मुली गेल्या की रोज सगळं आवरायचं, सकाळी पुन्हा मांडायचं. तिला स्वतःचं दार असलेली खोली हवी होती. आणि एवढंच म्हणणं होतं, की जिना हॉलच्या कोपऱ्यातून, आतून हवा. गॅसवर काही ठेवून वर जाता आलं पाहिजे, पावसात भिजत बाहेरून नाही.

"जिना आतूनच!" तोडगेराव म्हणाले होते. शब्द दिला म्हणजे दिला.

या जखमेवर मीठ चोळायला साडूभाऊ होतेच. त्यांच्या नव्या घराला डेक शीट होती, आणि ते दर रविवारी येऊन ती असल्याचं सांगत. कुणाला ताप आला म्हटलं तरी दोन वाक्यांनंतर गाडी डेक शीटवर येई.

तोडगेराव आठ दिवस स्वस्त पर्यायांच्या मागे लागले. बांबूच्या चटया झाल्या, स्लॅबमध्ये उलट्या घालायच्या मातीच्या कुंड्या झाल्या, तयार तुळया आणि त्यांच्यामध्ये बसणारे ठोकळे झाले. मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याने आणू, स्लॅब घट्ट झाला की काढून परत देऊ. सगळे तेच करतात."

"सगळे करतात म्हणूनच नको!"

नवव्या दिवशी तोडगेरावांना एक जुनं ऑफिस पाडताना दिसलं. भिंतीला टेकवून ठेवलेली चौदा सागवानी दारं! जाड, भक्कम, प्रत्येकावर नक्षीचे चौकोन. तोडगेरावांच्या डोक्यात दिवा पेटला. दारं आडवी टाकायची, खाली टेकू लावायचे, वर काँक्रीट! स्लॅब घट्ट झाला की दारं काढायची आणि विकायची. छताला नक्षी फुकट!

दारं टेम्पोतून घरी आली. मिस्त्रींनी एक दार ठोकून पाहिलं, त्यावर उभे राहिले, दोन उड्या मारल्या. "लाकूड चांगलं आहे," ते नाइलाजाने म्हणाले. "टेकू जास्त लावू. पण साहेब, जिन्याचं..."

"मिस्त्री," तोडगेरावांनी हात वर केला, "या स्लॅबमध्ये डोकं माझं आणि हात तुमचे. मला काही विचारायचं नाही!"

मिस्त्री तीस वर्षं स्लॅब टाकत होते. त्यांनी विड्यासारखा शब्द गिळला आणि त्या दिवसापासून खरंच काही विचारलं नाही.

बायकोनेही प्रयत्न केला. "अहो, जिन्याच्या जागेचं..."

"जिन्याचं नंतर! आधी छत तर होऊ दे."

दोन दिवसांत टेकू उभे राहिले, त्यांवर चौदा दारं आडवी पडली, वरून ऑईल फासून झालं. ऑईल लावलं की लाकूड काँक्रीटला चिकटत नाही. दुपारी मिस्त्री जेवायला गेले आणि तोडगेराव पाहणी करायला आत शिरले. काँक्रीट ओलं असताना फटीतून पाणी गळून जातं, म्हणून सुईएवढाही उजेड दिसता कामा नये, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

आणि पाहतात तो काय! कोपऱ्यात सुईएवढा नाही, चांगला दाराएवढा उजेड!

"चौदा दारं आणूनही कमी पडलं!" तोडगेराव कळवळले. त्या जागेच्या चारी कडांना मिस्त्रींनी उभ्या फळ्याही ठोकल्या होत्या. त्यांना तो शुद्ध निष्काळजीपणा वाटला. त्यांनी शिडी लावून फळ्या उपटल्या. आता पंधरावं दार कुठून आणायचं? नजर घरभर फिरली आणि बाथरूमवर थांबली.

दहा मिनिटांत बिजागऱ्या सुटल्या. दार डोक्यावर घेऊन तोडगेराव शिडी चढले आणि आतली बाजू वर करून त्यांनी ते त्या जागेत सरकवलं. बरोब्बर बसलं! चारी बाजूंना बोटभर फट राहिली, तिच्यात त्यांनी पट्ट्या ठोकल्या. खाली दोन टेकू स्वतः लावले. हॉलमध्ये गुडुप अंधार झाला आणि तोडगेरावांना भरून आलं. इतकं नेमकं माप! जणू ती जागा त्याच दारासाठी सोडलेली होती.

जेवून आलेल्या मिस्त्रींनी वर पाहिलं. तोंड उघडलं. मग काहीतरी आठवून मिटलं. जाता जाता तेवढे ते दोन टेकू ठोकून सारखे केले. दुसऱ्या दिवशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरपार सळ्या बांधल्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.

दोन दिवस बहिणीकडे राहून संध्याकाळी परतलेली बायको टॉवेल घेऊन बाथरूमपाशी उभी राहिली.

"अहो, दार कुठंय?"

"वर."

"वर कुठं?"

"स्लॅबखाली. एकवीस दिवसांचाच प्रश्न आहे!"

ते एकवीस दिवस त्या घराने कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. बाथरूमला पडदा लागला. आत असेल त्याने गात राहायचं, असा नियम तोडगेरावांनी केला. गाणं थांबलं की जागा रिकामी! बायको पाढे म्हणे. क्लासच्या मुली बाथरूम लागलं की शेजारी जात. रविवारी साडूभाऊ आले, आत गेले, आणि त्यांना नियम कुणी सांगितलाच नव्हता. तोडगेरावांनी पडदा बाजूला केला. पुढचं सांगण्यासारखं नाही. एवढंच, की आतून आवाज आला, "आमच्याकडे डेक शीटही आहे आणि दारही!"

तोडगेराव मात्र खुशीत होते. रोज सकाळ-संध्याकाळ बाहेरून शिडी लावून ते स्लॅबवर चढत, पाणी साठवत आणि कमरेवर हात ठेवून ऐटीत फेऱ्या मारत. आपण रोज शिडीवरूनच का चढतोय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एकदाही आला नाही. डोकं त्यांचं होतं ना!

बाविसाव्या दिवशी टेकू काढायचे ठरले. साडूभाऊ मुद्दाम बघायला आले. एकेक दार सुटून खाली आलं, आणि खरं सांगायचं तर स्लॅब देखणा निघाला! कुठे भेग नाही, ओल नाही. छतभर सुरेख चौकोन उमटलेले. साडूभाऊ मान मागे टाकून पाहतच राहिले. "हे डिझाइन... आमच्या पत्र्याला नाही येत," ते पुटपुटले. तोडगेरावांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. बायकोनेही कौतुकाने पाहिलं. सहा वर्षांच्या चिंध्यांवर आता खरंच छप्पर येणार होतं.

पंधरावं दार तेवढं हलेना. मिस्त्रींनी पहार लावली, लोंबकळून पाहिलं. घाईत त्याला ऑईल लावायचं राहिलं होतं, आणि वर केलेल्या बाजूला बायकोच्या टॉवेलच्या चार लोखंडी खुंट्या होत्या. त्या काँक्रीटमध्ये मुरल्या होत्या. दार छताला घट्ट धरून बसलं होतं आणि त्याची बाहेरची कडी खाली लोंबत होती.

"राहू द्या की," तोडगेराव म्हणाले. "शोभा येते!"

बायको मात्र त्या दाराकडे बघत होती. मग तिने दाराखालची जमीन पाहिली, कोपरा पाहिला, पुन्हा वर पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "जिना इथून जाणार होता ना?"

मिस्त्रींनी पहार भिंतीला टेकवली. "साहेब, मी ती जागा सोडली होती. तुम्ही दार टाकलंत. मला वाटलं, जिना बाहेरून घ्यायचं ठरलं. विचारणार होतो. पण विचारायचं नाही म्हणालात!"

"मग आता कापा!"

"आरपार सळ्या आहेत. कापल्या तर हे डिझाइन आपल्या डोक्यावर येईल."

साडूभाऊ पुढे झाले. खालची खुर्ची ओढून वर चढले आणि त्यांनी छतातली कडी तीनदा वाजवली. "कोणी आहे का? उघडा, क्लासला मुली आल्यात!" मग खाली उतरून अत्यंत आनंदाने म्हणाले, "दार कायमचंच राहिलं म्हणा! म्हणजे अगदी आमच्या डेक शीटसारखं!"

तोडगेरावांना हे एरवी झोंबलं असतं. पण बायको नुसती कडीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं, की दोन मिनिटं कुठलाच तोडगा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं त्याच दुकानात गेली. बाहेरून जिना घ्यायचा तर स्टीलचाच, वर पावसासाठी छत, तेही पत्र्याचं. दुकानदाराने चहा मागवला. मागचं वाक्य त्याने काढलं नाही. तो भला माणूस होता. वही उघडून त्याने अदबीने विचारलं, "हं, साहेब! जिना कुठून कुठे घ्यायचा?"

तोडगेरावांनी सवयीने तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. या वेळी भरलेलाच.

"मला काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "यांना विचारा."

बायकोने खुर्ची पुढे ओढली. "जिन्याचं नंतर," ती म्हणाली. "आधी बाथरूमचं दार दाखवा!"