टेकडीवरून एकही तक्रार नाही

कोणतीही संस्था तिने केलेल्या कामावरून नव्हे, तर त्या कामाची नोंद तिने कुठे आणि कोणत्या पातळीवर ठेवली यावरून ओळखली जाते. काम काय, कोणीही करतं. पाणी उताराकडे आपोआप वाहतं, त्यात कोणाचं कर्तृत्व? पण ते वाहिल्याची नोंद आपोआप होत नाही. त्यासाठी समिती लागते. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या अशा नोंद समितीचा मी सचिव आहे, आणि पुढची हकीकत मी त्याच अधिकारात सांगतो आहे.

आधी व्यवस्था समजून घ्या. मुख्यालयाच्या तळघरात एक मोठा संगणक आहे. शहरभर पंपघरं आहेत, आणि प्रत्येक पंपघरात पत्र्याच्या पेटीत एक छोटा संगणक. दोन्हीकडे पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम चालतात. पंपघरातला प्रोग्राम टाकी रिकामी झाली की पंप सुरू करतो आणि भरली की बंद करतो. मुख्यालयातला प्रोग्राम त्या सगळ्यांची वास्तपुस्त करतो. पर्ल ही भाषा आता वयस्कर झाली आहे. ती येणारी माणसं आमच्याकडून एकेक करत निवृत्त झाली आणि शेवटी एक बाई उरल्या. त्यांना सगळे पर्लबाई म्हणतात. (खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते पाहायची वेळ कोणावर आली नाही.)

प्रोग्राम काम करता करता जे लिहून ठेवतो त्याला लॉग म्हणतात. लॉगमधल्या नोंदींच्या पाच पातळ्या असतात. समितीने त्यांचे अर्थ सोप्या भाषेत छापून भिंतीवर लावले ते असे :

डीबग – प्रोग्राम स्वतःशीच पुटपुटतो आहे. लक्ष देऊ नये.
इन्फो – सगळं ठीक आहे.
वॉर्निंग – सगळं ठीक आहे, पण कोणीतरी येऊन बघून गेलं तर बरं.
एरर – कोणीतरी बघून जायला हवं होतं.
फेटल – आता बघून उपयोग नाही.

फेटलची नोंद आली की साहेबांचा फोन थेट वाजायचा. एका आठवड्यात साहेबांची दुपारची डुलकी दोनदा मोडली, तेव्हा समितीने या पातळीचा फेरविचार केला. फेटल नोंद करू इच्छिणाऱ्या प्रोग्रामने आधी एररची नोंद करावी आणि वरून मंजुरी येईपर्यंत धीर धरावा, असं ठरलं. त्यानंतर फेटल नोंदींचं प्रमाण शंभर टक्क्यांनी घटलं. याला म्हणतात प्रशासन.

कोणत्या प्रोग्रामने काय लिहायचं, कुठे लिहायचं आणि कोणाला कळवायचं, हे सगळं एका फाइलमध्ये ठरवलेलं असतं. समिती नेमली जाण्यापूर्वी ही फाइल जेमतेम बारा ओळींची होती आणि ती पर्लबाई एकट्याच सांभाळायच्या. त्यांची पद्धत अगदी घरगुती होती. प्रत्येक पंपघराने आपली नोंद आपल्याच संगणकावर ठेवायची, आणि त्यातलं महत्त्वाचं तेवढं मुख्यालयाला कळवायचं. यातला धोका समितीच्या पहिल्याच बैठकीत लक्षात आला. नोंदी दोन ठिकाणी ठेवल्या तर सत्यही दोन ठिकाणी राहील, आणि त्यातलं कुठलं साहेबांना दाखवायचं हा प्रश्न उभा राहील. (हा मुद्दा फर्निचर भांडाराच्या प्रमुखांनी मांडला. साठवणुकीचा अनुभव म्हणून त्यांना समितीवर घेतलं होतं.)

म्हणून आम्ही तीन सुधारणा केल्या. एक, पंपघराने स्वतःकडे काहीही लिहायचं नाही, प्रत्येक नोंद थेट मुख्यालयाला पाठवायची. दोन, प्रत्येक नोंदीची पोच घ्यायची, आणि पोच मिळेपर्यंत पुढचं पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे पोच न घेता कागद पुढे सरकवणाऱ्या कारकुनाला मेमो मिळतो. मग प्रोग्राम काय लाटसाहेब लागून गेला? तीन, मुख्यालयाशी जोडणी तुटली तर ती गंभीर बाब समजून तिची एरर पातळीवर नोंद करायची आणि ती ताबडतोब मुख्यालयाला पाठवायची.

पर्लबाईंनी विचारलं की ही शेवटची नोंद कोणत्या मार्गाने पाठवायची. नेहमीच्याच, असं आम्ही एकमुखाने सांगितलं. मग त्यांनी पंख्याकडे पाहिलं, वही मिटली आणि खाली जाऊन आम्ही सांगितलं तसं लिहून टाकलं. शिवाय पंपघरात पंप हाताने सुरू करायचा एक खटका असतो. हाताने केलेल्या कामाची आपोआप नोंद होत नाही हे ध्यानात आल्यावर समितीने सगळ्या खटक्यांना सील ठोकलं. फाइल आता चारशे ओळींची झाली आणि सभासदांना तिच्याविषयी आदर वाटू लागला.

निकाल डोळ्यांत भरण्यासारखे होते. पूर्वी दिवसाला शेकड्याने येणाऱ्या नोंदी लाखांत गेल्या. त्यातल्या शंभरातल्या साठ ‘मी चालू आहे’ अशा होत्या, पस्तीस ‘मी चालू आहे असं कळवलं आहे’ अशा, चार ‘पोच मिळाली’ अशा, आणि उरलेली एक पाण्याविषयी असायची. ती शोधायला आम्ही एक तात्पुरता माणूस नेमला. तोही नंतर लाखांत हरवला.

मग साहेबांच्या कल्पनेतून ‘त्रुटीविरहित पंपघर’ हा पुरस्कार निघाला. ज्या पंपघराकडून सर्वांत कमी एरर येतील त्याला प्रमाणपत्र, आणि पंपचालकाला साहेबांबरोबर फोटो. पहिल्याच महिन्यात टेकडीवरच्या पंपघराने बाजी मारली. बाकीच्यांच्या शेकडो एरर होत्या. टेकडीची एकही नव्हती. वॉर्निंगही नव्हती. खरं तर टेकडीकडून काहीच येत नव्हतं, इतकं ते पंपघर शिस्तीचं निघालं.

याच सुमारास मला मावशीचे फोन यायला लागले. मावशी टेकडीवर राहते, तिसऱ्या मजल्यावर, एकटी. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून हिनेच मला वाढवलं, शाळेत घातलं, मारलं आणि मोठं केलं. त्यामुळे ती माझ्याशी बोलताना माझ्या हुद्द्याचा विचार करत नाही.

“अरे, नळाला पाणी नाही,” ती म्हणाली.

मी तळघरात जाऊन पडदा पाहून आलो आणि तिला समजावलं, “मावशी, टेकडीचं सगळं व्यवस्थित आहे. आमच्याकडे तशी काही नोंदच नाही.”

“मग मी काय आता तुझी नोंद पिऊ?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. खालच्या रस्त्यावर टँकर उभा राहतो, तिथून बादल्या भरून वर न्याव्या लागतात, गुडघे बोलायला लागलेत, असं ती सांगत होती. मी तिला म्हटलं की एका व्यक्तीचा तोंडी निरोप आणि अख्ख्या यंत्रणेची नोंद यांत तफावत आढळली तर कार्यालयाला यंत्रणेवर विश्वास ठेवावा लागतो. त्यानंतरही ती रोज फोन करायची, पण पाण्याचं कमी आणि माझ्या जेवणाचं जास्त विचारायची.

टेकडीचे पंपचालकही फोन करत होते. फोन ही मान्यताप्राप्त नोंद नाही, तेव्हा जे काय असेल ते लॉगमधूनच कळवा, असं त्यांना प्रत्येक वेळी सौजन्याने सांगण्यात आलं.

शेवटी पर्लबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या आवाज चढवणाऱ्या बाई नाहीत.

“सर, टेकडीचा प्रोग्राम गप्प नाहीये, अडकलाय. रस्ता खणताना तार तुटली. तार तुटल्याची नोंद तो त्याच तारेवरून पाठवतोय आणि पोचेची वाट बघत बसलाय. पोच येत नाही तोवर तो पंप लावणार नाही. मी चार ओळी बदलते. पोच नाही आली तर तिथल्या तिथे लिही आणि पुढे चल, एवढंच.”

मी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बदलाच्या अर्जावरचा रकाना दाखवला : संबंधित एररचा क्रमांक. तो भरल्याशिवाय फाइलला हात लावता येत नाही. पर्लबाई म्हणाल्या की ती एरर पोचत नाही, हाच तर बिघाड आहे. म्हटलं, बरोबर, म्हणजे बिघाड आहे असं आपल्याकडे अजून पोचलेलं नाही. पर्लबाई अर्ज तिथेच ठेवून खाली निघून गेल्या. त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

त्यानंतर मावशीचा फोन यायचा थांबला. पहिल्या दिवशी जरा चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी समजून चुकलो की पाणी आलं असणार. तक्रार थांबली म्हणजे तक्रारीचं कारण मिटलं, हे आमच्या नियमावलीत पहिल्याच पानावर आहे. मी निर्धास्त झालो आणि पुरस्कार समारंभाच्या तयारीला लागलो.

समारंभ टेकडीवरच ठेवला होता. साहेब, समितीचे सातही सभासद, फोटोवाला आणि (पेटी उघडावी लागली तर असावं कोणी म्हणून) पर्लबाई असे आम्ही दोन गाड्यांतून वर गेलो. चढावर दोन्ही बाजूंना रिकाम्या कळश्या, पिंपं आणि बादल्यांची रांग लागलेली होती. साहेबांना ती स्वागताची आरास वाटली आणि त्यांनी हात हलवला. कोणी उलट हात हलवला नाही.

पंपघरात शिरलो तर भिंत खालपासून वरपर्यंत खडूने भरलेली. पंपचालकांनी आमचाच नमुना जसाच्या तसा वापरला होता : तारीख, वेळ, पातळी, मजकूर. ‘एरर, पंप बंद.’ ‘एरर, पंप बंद.’ ‘एरर, फोन केला, लॉगमधून कळवा म्हणाले.’ हात पोचेना तेव्हा त्यांनी स्टूल घेतलेलं दिसत होतं. फर्निचर भांडाराच्या प्रमुखांनी अक्षराचं कौतुक केलं, मात्र पंपघराने स्वतःकडे नोंद ठेवणं हा पहिल्या सुधारणेचा भंग आहे याकडेही लक्ष वेधलं. पंपचालकांनी प्रमाणपत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पत्र्याच्या पेटीवर ठेवून दिलं.

साहेब भाषणाला उभे राहिले. सगळ्यांचं लक्ष तिकडे आहे असं पाहून पर्लबाईंनी प्रमाणपत्र बाजूला सरकवलं, पेटी उघडली आणि आपला संगणक जोडून चार ओळी बदलल्या. अर्ज नाही, क्रमांक नाही. ‘मौनातून सेवा’ या वाक्यापाशी साहेब आले असतील-नसतील, तोच पंप धडधडत सुरू झाला. पुढचं भाषण कोणालाच ऐकू आलं नाही, तरी सगळ्यांनी मान डोलावली. पर्लबाईंनी मला पडदा दाखवला. टेकडीच्या संगणकाने बऱ्याच दिवसांनी स्वतःकडे लिहिलेली पहिली नोंद तिथे होती : ‘एरर – मुख्यालय उत्तर देत नाही.’

मी ते वाचलं. मग म्हटलं, आलोच आहोत तर मावशीला भेटून यावं. पाणी आल्याची बातमी आपल्या तोंडून द्यावी, चहा घ्यावा.

तिच्या दाराला कुलूप होतं. आत कुठलातरी उघडा राहिलेला नळ भरभरून वाहत असल्याचा आवाज येत होता. शेजारच्या बाई बाहेर आल्या. भरलेली बादली घेऊन वर येताना मावशी दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजाऱ्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं, आणि आता डबाही तेच पोचवत होते.

“मला फोन का नाही केला?” मी विचारलं.

“करणारच होतो. त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, त्याच्याकडे नोंद नसेल, कशाला उगीच त्याला तोंडघशी पाडायचं.”

दवाखान्यात मावशी खिडकीजवळच्या खाटेवर होती. पाय वजन लावून ताणून ठेवला होता आणि ती नेहमीपेक्षा लहान दिसत होती. मला पाहून तिने आधी जेवलास का ते विचारलं. मग पाणी आलं का म्हणाली.

“आलं,” मी म्हटलं.

“नोंद झाली?”

“झाली.”

“मग बरं,” असं म्हणून तिने डोळे मिटले. तिने हे टोमणा म्हणून विचारलं असतं तर मला सोसलं असतं. ती खरोखरच माझ्या काळजीने विचारत होती. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

पर्लबाईंच्या बदलाची यथावकाश चौकशी झाली. परवानगीशिवाय पाणी सोडल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला, आणि त्या चार ओळी समितीने ‘सुधारणा क्रमांक चार’ म्हणून स्वतःच्या नावावर मंजूर केल्या. मावशीच्या पडण्याची अहवालात नोंद घ्यावी, असं मी सुचवलं. सभासदांनी सहानुभूतीने विचार करून ती इन्फो पातळीवर घेतली.

हे वाचून तुम्ही मनाशी म्हणत असाल, काय पण भाचा आहे. खुशाल म्हणा. फक्त त्याआधी तुमचा स्वतःचा फोन हातात घ्या आणि नावांची यादी बोटाने खाली, आणखी खाली ढकलत न्या. तिथे कोणीतरी असेल, ज्याचा पूर्वी रोज फोन यायचा, मग सणासुदीला यायचा, आणि आता कित्येक दिवसांत आलेला नाही. त्या नावापुढे तुम्ही मनातल्या मनात ‘मजेत असेल’ असं लिहून टाकलं आहे. ना पोच, ना चौकशी. इतकं स्वच्छ काम आमच्या सात जणांना मिळूनही जमलं नव्हतं. मावशीला मी माझ्याकडे आणलं आहे, तिचं सगळं करावं लागतं, म्हणून सचिवपदातून मुक्त करावं असा अर्ज मी दिला आहे. जागेसाठी साहेबांनी लायक नाव सुचवायला सांगितलं होतं. मी तुमचं दिलं आहे.