मामा पॉइंट सतरा

माणूस कधी जाणार हे कुणालाच सांगता येत नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं गणित कच्चं असतं! माझं नाही. मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात फझी लॉजिक शिकवतो. वर्गात अकरा मुलं आहेत, त्यातली चार येतात, पण विषय भारी आहे. साध्या गणितात चहा एकतर गरम असतो, नाहीतर गार. एक, नाहीतर शून्य. आमच्या फझीत तो पॉइंट सहा गरम असू शकतो. म्हणजे पिता येतो, पण बायकोला दोन शब्द ऐकवताही येतात. जगातली सगळी अनिश्चितता अशी शून्य ते एकच्या मध्ये बसवता येते, असा माझा ठाम विश्वास होता. होता म्हणतोय, हे लक्षात असू द्या.

तर माझे सासरे मल्हारराव दवाखान्यात होते. मी त्यांना मामा म्हणतो. फुलंब्रीकडचा माणूस, साठ वर्षं मेंढरांमागं चाललेला. आता फुप्फुसात पाणी झालं होतं आणि किडन्या थकल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पन्नास-पन्नास धरा. काही सांगता येत नाही."

"पन्नास-पन्नास म्हणजे 'मला माहीत नाही' हेच दोन आकड्यांत सांगणं!" मी योगिनीला, म्हणजे बायकोला, म्हणालो.

"हळू बोला," ती म्हणाली. "बाबा जागे आहेत."

खरा प्रश्न माझ्या मेहुण्याचा होता. रामेश्वर फौजेत आहे. सीमेवरच्या चौकीतून घरी यायला त्याला तीन दिवस लागतात आणि सुट्टी उरली होती बारा दिवसांची, तीही एकदाच मिळणार. लवकर आला आणि मामा तगले, तर सुट्टी संपवून परत जाणार. उशीर झाला, तर नुसता धूर बघायला येणार. त्यानं फोन केला.

"दाजी, बाप जित्ता असताना भेटायचंय मला. जाळायला येऊन काय उपेग? तुमी शिकलेले हायेत. सांगा, कधी निघू?"

त्याचा आवाज कापत होता. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पुढच्याच क्षणी वाटलं, अरे, हा तर आपलाच विषय!

लॅपटॉप घेऊन मी वॉर्डातल्या स्टुलावर ठाण मांडलं. ऑक्सिजन, रक्तदाब, लघवीच्या पिशवीची पातळी, तासाला किती शब्द बोलले, सगळे रकाने पाडले. प्रत्येकाला वजन दिलं. शून्य म्हणजे मामा ठणठणीत, एक म्हणजे मामा गेले. शेवटी 'घरच्यांचं मत' असाही एक रकाना ठेवला. त्याला वजन दिलं पॉइंट शून्य पाच. मी हुकूमशहा नाही.

"काय लिवताय मास्तर?" मामांनी मास्कमधून विचारलं.

"तुमची तब्येत."

"लिवा, लिवा. मेंढरं मोजून घ्या तेवढी."

रविवारी आकडा आला पॉइंट बहात्तर. मी लगेच परिवाराच्या ग्रुपवर टाकला. "मामा: ०.७२." खाली छोटंसं स्पष्टीकरणही दिलं, दोन पानांचं.

स्पष्टीकरण कुणी वाचलं नाही. मामांचे धाकटे भाऊ बन्सीकाका गावात म्हणाले, बाहत्तर टक्के गेलेच हायेत, राहिलेले आपण पोचस्तोवर जातील! सोमवारी सकाळी दवाखान्याच्या दारात पिकअप उभी राहिली. त्यातून अठरा माणसं उतरली, आणि उतरता उतरताच बायकांनी गळा काढला. मागं ताडपत्रीखाली बांबू, कडबा, पांढरं कापड आणि एक नवंकोरं मडकं.

"हे कशाला आणलं?" मी हादरलो.

"असावं सोबत," काका म्हणाले. "शहरात ऐन टायमाला कुठं हिंडता?"

आत मामा उशीला टेकून बसले होते, हातात चहा! भावाला बघून कप तसाच थांबला.

"बन्सी? तू हितं? मेंढरं कुणाकडं सोडली?"

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. गावातल्या कुणीतरी स्टेटसला त्यांचा फोटो हार घालून लावला होता. मामांनी फोन कानाला लावला, पलीकडचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाय, अजून हितंच हाय. निघालो की सांगतो."

ती अठरा माणसं मग माझ्या उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत उतरली. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी पाचवा होता. संध्याकाळी टाकी खडखडीत झाली. मी टँकरला फोन लावला, तर तो म्हणाला, "कल देखेंगे." तेव्हा काका उठले.

"मास्तर, तुमच्या आकड्यापायी आमची हजामत झाली! आता मान्सं पुरी मेल्याबिगर सांगू नका."

पिकअप गेली, मडक्यासकट. योगिनी रडत होती आणि मी बघत होतो, चूक कुठं झाली ते. सापडली! चहाचा रकानाच नव्हता! जो माणूस बसून चहा पितो, तो कसा जाईल? मंगळवारी मी चहाला भरभक्कम वजन दिलं. आकडा धाडकन खाली आला. पॉइंट सतरा.

त्याच दुपारी सासूबाई माझ्याजवळ आल्या. पुतळामामी. शाळेची पायरी न चढलेली बाई. आठवडाभर त्या नवऱ्याच्या पायाशी बसून होत्या, आणि त्यांना काही विचारावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"जावईबापू, रामूला बोलवून घ्या."

"का मामी? आकडा तर उतरलाय!"

"सकाळी दूधभाकर दिली. त्यांनी पाठ फिरवली अन् भिताडाकडं तोंड करून निजले. कळपातलं जनावर चाऱ्याकडं पाठ करून बसलं, तर ते चार दिसांत जातं. लई पाह्यलेत मी."

"पण चहा पितात की!"

"चहा तर तुमच्यासाठी पितात. तुम्ही लिवता म्हणून."

मला हसू आलं. मी त्यांना समजावून सांगितलं की मेंढ्यांचं गणित माणसाला लागू नाही, आणि तरीही तुमचं मत मी धरलंय, रुपयातले पाच पैसे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पदर सावरून परत पायाशी जाऊन बसल्या. संध्याकाळी रामेश्वरचा फोन आला. मी छातीठोकपणे सांगितलं, "थांब. पुढच्या महिन्यात निवांत ये. मी गॅरंटी देतो!"

गॅरंटी! फझी शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडात हा शब्द! आता आठवलं की अंगावर काटा येतो.

शुक्रवारी आकडा पॉइंट बारावर आला. त्या दिवशी कॉलेजात माझं भाषण होतं. विषय, 'अनिश्चिततेचं गणित: एक कौटुंबिक प्रयोग'. सकाळी नऊला निघताना मामांना म्हणालो, "येतो तासाभरात." ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी नुसता हात हलवला. मामी म्हणाल्या, "आज नका जाऊ, बापू." मी घड्याळाकडं बोट दाखवलं आणि सटकलो.

भाषण काय रंगलं म्हणून सांगू! पडद्यावर मामांचा आलेख, बहात्तरवरून बारावर घरंगळत आलेला. चारच्या जागी तब्बल नऊ मुलं! शेवटी प्रेरणा नावाच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पेशंट आता कसे आहेत?"

"एकदम स्थिर!" मी म्हणालो आणि टाळ्या झाल्या. मग खिशातून फोन काढला. योगिनीचे चौदा फोन येऊन गेले होते.

रिक्षात बसून मी काय विचार केला, ते आठवत नाही. दवाखान्याच्या आवारात पिकअप उभी होती. तीच. तीच अठरा माणसं, पण आता कुणी ओरडून रडत नव्हतं. वॉर्डात मामांच्या तोंडावरचा मास्क काढला होता. उशाशी रामेश्वर बसला होता, बूट न काढता, फौजी बॅग पाठीवर तशीच.

"रामू? तू तर पुढच्या महिन्यात..."

"आईनं मंगळवारीच सांगितलं, निघ म्हणून," तो म्हणाला. "तुमाला फोन केला तवा गाडीतच होतो, दाजी. तुमी थांब म्हणले, म्हणून काय बोललो नाय. सकाळी धा वाजता पोचलो. घंटाभर बोलले माझ्यासंगं. पाणी पाजलं मी."

बन्सीकाकांनाही मामींनीच निरोप धाडला होता. मुलगा होता, मुलगी होती, भाऊ होता, अख्खं गाव होतं. साऱ्या घरादाराला कधी यायचं ते सांगणारा एकच माणूस तिथं नव्हता. मला लाज वाटली. पॉइंट काही नाही, पुरी लाज वाटली.

"मला काही म्हणाले का?" मी मामींना विचारलं.

मामींनी डोळे पुसले. "म्हणले की. मास्तर दिसंना कुठं, म्हणले. त्यान्ला म्हणावं, आता पुरा एक लिवा."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि रडलो. बराच वेळ.

खाली आलो, तर काकांनी ताडपत्री ओढली आणि ते मडकं माझ्या हातात दिलं. "रामू खाली येस्तोवर धरा. एवढं तरी जमंल का?"

मी मान हलवली आणि मडकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. शपथेवर सांगतो, ते हातातून निसटायची शक्यता किती, असलं काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे, फारसं नाही.