गुप्तेकाकूंचा ओढा

गेल्या वसंतात आमच्या शेजारच्या गुप्तेकाकू रोज सकाळी छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून मागच्या अंगणात उभ्या राहायच्या आणि गवतावर ठेवलेल्या परातीत दोरी फेकायच्या. विजारीच्या आत पंजाबी ड्रेस, वर अंबाडा, कानात मोत्याच्या कुड्या. हातात लांब, लवचिक काठी आणि दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा. गोंडा परातीत पडला की काकू "हं" म्हणायच्या. नाही पडला तरी "हं"च म्हणायच्या, पण तो वेगळा.

हे नेदरलँड्समधल्या आल्मेरेत. म्हणजे आमची घरं आहेत तिथे पूर्वी समुद्र होता. गावात चढ म्हणायचा तर समुद्र अडवणारा एक डाइकचा बांध, नाहीतर सायकलींचा पूल. आणि काकूंची तयारी चालली होती डोंगरातल्या लहान ओढ्यांवर जाऊन ट्राउट नावाचा मासा पकडायची. पिसांची खोटी माशी दोरीला बांधायची, ती पाण्यावर अलगद उतरवायची आणि ट्राउटला ती खरी वाटायला हवी. याला फ्लाय फिशिंग म्हणतात, हे काकूंनीच मला कुंपणावरून सांगितलं.

"ट्राउट आवडतो तुम्हाला?" मी विचारलं.

"छे. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे बिनमिठाची आमटी." काकू सीकेपी. बोंबील आणि सुरमई यांच्याखाली त्या उतरत नाहीत. "शिवाय तो खायचा नसतोच. पकडायचा आणि परत सोडायचा."

"मग जायचं कशाला? त्याची विचारपूस करायला?"

"ते मी बघते," काकू म्हणाल्या. "तू फक्त गाडी काढ."

"ते मी बघते" हे काकूंचं आवडतं वाक्य. गुप्तेकाका गेले तेव्हा त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होत्या. मुलगी शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर. नातेवाईक म्हणाले, परत या. काकू म्हणाल्या, ते मी बघते. तीस वर्षांहून जास्त इथे राहून डच भाषाही त्या मराठी चालीत बोलतात, आणि समोरचा माणूस निमूट ऐकतो. फक्त गाडी त्यांना येत नाही. म्हणून मी.

तयारी वाढत गेली. ओढ्यातले दगड निसरडे असतात असं कळल्यावर काकूंनी कुणाकडून तरी लहान मुलांचा फुगवायचा हौद आणला, त्यात विटा टाकल्या, पाणी भरलं आणि त्यातून चालण्याचा सराव सुरू केला. एकदा गोंडा परातीऐवजी पलीकडच्या योहानच्या कॉफीच्या कपात पडला. म्हातारा योहान अंगणात पेपर वाचत होता. त्याने गोंडा बाहेर काढला, नीट पिळला, काकूंकडे फेकला आणि पुन्हा पेपर उघडला.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. काकू फोनवर तासन् तास फिशिंगचे व्हिडिओ बघायच्या. कुठल्या महिन्यात कुठली माशी, कुठल्या पाण्यात कुठे उभं राहायचं, सगळं त्यांना ठाऊक होतं. आणि तरी एका सकाळी त्यांनी मला आपण पाठवलेला मेसेज वाचून दाखवला, "रुबेन, ट्राउटसाठी गांडूळ कुठलं चांगलं? जाडं की बारीक?"

"गांडूळ चालत नाही ना? तुम्हीच म्हणाला होतात."

"नाहीच चालत."

"मग?"

"बरोबर विचारलं की त्याचा नुसता अंगठा येतो. चुकीचं विचारलं की परिच्छेद येतो." काकूंनी फोन पुढे केला. रुबेनने खरोखरच परिच्छेद लिहिला होता, आणि शेवटी, "कृपया गांडूळ नको."

रुबेन म्हणजे काकूंचा जावई. होता. त्यांच्या मुक्ताचा आणि त्याचा आदल्या वर्षी घटस्फोट झाला. भांडण नाही, तमाशा नाही. दोघं शांतपणे वेगळी झाली. मुक्ता उट्रेख्टला गेली, रुबेन डीमनच्या लहानशा फ्लॅटमध्ये एकटा राहिला. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. वडिलांनी त्याला हे ओढे दाखवले, तेही घटस्फोटाच्या आसपासच वारले. त्या दोघांच्या काठ्या आणि विजारी काकूंच्या शेडमध्ये पडून होत्या, कारण त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती.

"तो कधीतरी सामान न्यायला येणार," काकू म्हणाल्या. "सभ्य मुलगा आहे. फुलं आणेल, कॉफी घेईल, थँक्यू म्हणेल. आणि मग त्याला या घरात यायला काही कारण उरणार नाही."

मुक्ताला हे कळलं तेव्हा तिने मला फोन केला. "अमोल, प्लीज आईला सांग ना. इट्स सो ऑकवर्ड. तो मूव्ह ऑन करायला बघतोय, मीपण."

मी निरोप पोचवला. काकू विटांवर उभ्या होत्या.

"घटस्फोट तिने घेतला. मी घेतलेला नाही. मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

रुबेन परिच्छेद लिहायचा, पण येण्याचं नाव काढत नव्हता. कामं आहेत, नंतर बघू, पाणी फार आहे. काकूंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "माझा एक फोटो काढ." संपूर्ण वेषात त्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या. मी कॅमेरा धरल्यावर त्यांनी कमरेचा पट्टा सोडून खुर्चीवर ठेवला. या विजारीला पट्टा लागतोच. नसला आणि माणूस पाण्यात पडला, तर ती आत भरते आणि माणसाला खाली ओढते. हे त्यांनीच मला दोनदा समजावलं होतं.

फोटोखाली त्यांनी लिहिलं, "शनिवारी अमोलबरोबर जाते आहे. सगळी तयारी झाली."

उत्तर लगेच आलं. "पट्टा कुठे आहे? माझ्याशिवाय जाऊ नका."

काकूंनी पट्टा उचलून कमरेला आवळला. "हं," त्या म्हणाल्या.

शनिवारी आम्ही बेल्जियमच्या डोंगरात पोचलो. रुबेन त्याच्या गाडीने आधीच येऊन थांबला होता. उंच, खांद्यात वाकलेला, दाढी वाढलेली. काकूंशी हात मिळवावा की गालाला गाल लावावा हे त्याला ठरवता येईना, तेव्हा त्याने त्यांच्या हातातली डब्यांची पिशवी घेतली.

ओढा इतका अरुंद होता की मीसुद्धा उडी मारून पलीकडे गेलो असतो. परातीत डोळे मिटून गोंडा टाकणाऱ्या काकूंची दोरी त्या दिवशी झाडात, गवतात, एकदा माझ्या टोपीत अडकली. "मनगट नाही, कोपर," रुबेन सांगत होता. "अजून हळू. पाण्याला कळता कामा नये." काकू मान डोलवत पुन्हा चुकत होत्या. त्यातल्या किती चुका खऱ्या होत्या, मला सांगता येणार नाही.

दुपारच्या आत रुबेनला एक ट्राउट लागला. वीतभर, अंगावर लाल ठिपके. त्याने हात आधी पाण्यात ओले केले, मग मासा धरला. काकूंनी वाकून पाहिलं. त्याने हात पाण्याखाली नेऊन बोटं उघडली, आणि मासा क्षणभर तिथेच थांबून निघून गेला. रुबेन तसाच वाकून राहिला.

"बाबांनंतर मी आलोच नव्हतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

आम्ही काठावर बसून जेवलो. घडीच्या पोळ्या, तळलेले सुके बोंबील, सोलकढी थर्मासमध्ये. त्याने तीन पोळ्या खाल्ल्या आणि मग म्हणाला, "तुम्हाला मासे पकडायचे नव्हतेच."

"नव्हते."

"मग नुसतं जेवायला बोलवायचं."

"आला नसतास. 'बघतो' म्हणाला असतास. एकटीसाठी पोळ्या करायचा मला कंटाळा येतो रे. दोन केल्या तरी एक उरते."

रुबेनने डब्यांना झाकणं लावून ते पिशवीत ठेवले. मग हात धुऊन उठला आणि त्यांना उठायला हात दिला. "सप्टेंबरमध्ये पाणी उतरतं," तो म्हणाला. "वरच्या अंगाला एक याहून चांगला ओढा आहे. तुमची पकड तोवर सुधारायला हवी. मी येऊन शिकवेन."

परतीच्या वाटेवर हायवे लागल्यावर काकूंनी फोन काढला, मुक्ताला लावला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकून तळहातावर आडवा धरला.

"झाली ट्रिप?" मुक्ताचा आवाज आला, तुटक.

"झाली. तुला राग आलाय का?"

"नाही."

"आलाय. येऊ दे. त्याला बोलावलं म्हणजे तुला बाजूला केलं असं नाही, एवढं सांगायला फोन केला."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"कसा आहे तो?" मुक्ताने विचारलं.

"बारीक झालाय."

"जेवतो ना गं नीट?"

"आज जेवला," काकू म्हणाल्या. फोन त्यांनी ठेवला नाही, मुक्तानेही ठेवला नाही. सपाट प्रदेश सुरू झाला तरी दोघी तशाच, काही न बोलता, लाइनवर होत्या.